रंगाई येऊ द्या, पण बुरशीची टाकी आधी बांधा

खानदेशचा कापूस जिल्ह्याबाहेर पडतो तो पांढराच. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसिंगमध्ये गाठ बांधली जाते आणि गाठी ट्रकवर चढल्या की आपला हिशोब मिटतो. सूत, कापड, रंग, छपाई, शिलाई या पुढच्या प्रत्येक पायरीचा पैसा दुसऱ्या कुठल्या तरी शहरात राहतो. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कापसावरच्या प्रक्रियेची क्षमता ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. नवापूरला सुरतेकडचे उद्योजक येऊ लागले आहेत, शिरपूरकडे सूतगिरणीच्या पुढच्या कामाची सुरुवात झाली आहे. हे व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्यावर एकेकाळी हजारो घरे चालली. त्या घरांतली पुढची पिढी आज पुण्याला किंवा सुरतेला कामाला जाते. कापूस आपला असताना कापडाचे काम आपल्याकडे नसावे, याला काही कारण नाही.

पण कापडाबरोबर रंगाई येते आणि रंगाईबरोबर पाणी. त्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न कारखान्याची भिंत उभी राहण्याआधी विचारायचा असतो. माझे म्हणणे असे की या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्या मातीतल्या आणि कुजत्या लाकडावरच्या बुरशीत आहे. मात्र ती बुरशी नदीत सोडून भागणार नाही. रंगाई कारखान्याच्या दाराशी, टाकीत, माणसाच्या देखरेखीखाली तिला कामाला लावावे लागेल. आणि ती टाकी नसेल तर परवानगीही नको.

रंग हा खानदेशाला नवा विषय नाही. फैजपूर म्हटले की आपल्याला १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. त्याच्या कितीतरी आधी हे गाव सुती कापडावरच्या छपाईसाठी आणि गडद निळ्या-तांबड्या रंगासाठी नावाजलेले होते. रंगारी आणि भावसार समाजाची मोठी वस्ती तिथे होती. त्या काळी देशात निळीचे पीप आंबवून तयार करत. चुना, गूळ, तरोट्याचे बी घालून ठेवले की सूक्ष्मजीव आपले काम करत आणि एरवी पाण्यात न विरघळणारी नीळ विरघळून धाग्यात शिरण्याजोगी होई. सूक्ष्मजीवाला रंगाईच्या कामात घ्यायचे म्हटल्यावर आज आपल्याला नवल वाटते, पण जुन्या रंगाऱ्याला ते वाटले नसते. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, १८९७ पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंग कारखान्यात बनू लागला. तो पक्का, स्वस्त आणि हवा त्या छटेत मिळू लागला. सूर्यप्रकाश, साबण, घाम यांना दाद न देणारा रंग हवा, ही गिऱ्हाइकाची मागणी होती आणि रसायनशास्त्राने ती पुरी केली. उन्हाला आणि धुण्याला दाद न देणारा तो रंग नाल्यात गेल्यावर तिथेही सहजासहजी दाद देत नाही.

सुती कापडाला आज बहुतेक रिॲक्टिव्ह रंग देतात. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून तो पक्का. पण टाकलेला सगळा रंग धाग्याला लागत नाही. रंगाच्या जातीनुसार आणि पद्धतीनुसार १० ते ४० टक्के रंग पाण्याशीच बंध जोडून बसतो आणि मग तो कुठल्याच धाग्याच्या उपयोगाचा राहत नाही. तो धुऊन काढावा लागतो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागते, लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम. एक किलो कापडाला दहा लिटर पाण्याचे पीप धरले तर गडद छटेसाठी किलोभर कापडामागे अर्ध्या किलोहून जास्त मीठ होते. वरून सोडा, आणि त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) अकराच्या आसपास. केंद्राच्या २०१६ च्या मानकांनुसार कापड कारखान्याच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २,१०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. म्हणजे दोन ग्रॅम. पिपात ते त्याच्या वीस ते चाळीसपट असतात.

हे पाणी जाणार कुठे? पांझरा, बोरी, अनेर या नद्या पावसाळा सरला की आटत जातात. बारमाही मोठ्या नदीत सांडपाणी निदान पातळ तरी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात ते पातळ करायला नदीत पाणीच नसते, कारखान्याने जे सोडले तेच नदीचे पाणी. नवापूरची रंगावली नदी उकाईच्या जलाशयाला मिळते आणि उकाईचे पाणी सुरत पिते. गिरणेच्या वरच्या अंगाला मालेगाव, म्हणजे यंत्रमागाचे मोठे केंद्र, आणि खाली चाळीसगावपासून जळगावपर्यंत त्याच नदीवर तहान भागवणारी गावे. भरीला आपली काळी जमीन. तिच्यात सोडियम साचला की ती बसते, पाणी मुरत नाही, पीक पिवळे पडते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि ती पूर्णा चांगदेवला येऊनच तापीला मिळते.

तमिळनाडूत तिरुप्पूरला जे झाले ते आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखवायला हवे. बनियन-टीशर्टच्या निर्यातीने ते शहर श्रीमंत झाले आणि नोय्यल नदी रंगाईच्या पाण्याने भरली. शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात रंगाईचे खारे पाणी साठत गेले. खालच्या भागातले शेतकरी आपल्याच धरणाचे पाणी नको म्हणून न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांची शेते आधीच गेली होती, मग कामगारांचा रोजगार गेला. कारखाना आधी आणि शुद्धीकरण नंतर, या क्रमाची किंमत दोघांनी मोजली.

आता बुरशीकडे येतो. शेतकऱ्याला बुरशीचे दोन्ही चेहरे ठाऊक आहेत. केळीवरचा करपा बुरशीचा, कपाशीची मर बुरशीची. आणि त्या मर रोगावर शेणखतात मिसळून टाकतो तो ट्रायकोडर्माही बुरशीच. रंग मोडण्याचे काम करणाऱ्यांत हा ट्रायकोडर्मा आहे, मातीत सर्वत्र सापडणाऱ्या ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या जाती आहेत, आणि सगळ्यांत ताकदवान आहेत त्या लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरश्या. आपण खातो ते धिंगरी मशरूम त्याच गटातले.

या बुरशीला ही ताकद मिळाली ती लाकडामुळे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे एक अत्यंत बेशिस्त रसायन आहे. त्याच्या रेणूला ठरलेला साचा नाही, कार्बनच्या कड्या वाटेल तशा जोडलेल्या. कुलपाला एकच किल्ली लागावी तशी नेमकी विकरे (एन्झाइम) इथे चालत नाहीत. म्हणून या बुरशीने शरीराबाहेर सोडायची, समोर येईल त्या कडीवर तुटून पडणारी विकरे घडवली. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लिग्निन पेरॉक्सिडेज ही त्यांची नावे. लॅकेजला हवेतला प्राणवायू पुरतो, बाकी दोघांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागते आणि तेही बुरशी स्वतः तयार करते. रंगाचे रेणू कारखान्यात बनले असले तरी त्यांतही तशाच कड्या असतात. १९८५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम ही पांढरी बुरशी डीडीटी आणि लिंडेनसुद्धा मोडते. १९९० मध्ये तीच बुरशी ॲझो रंगही मोडते हे प्रसिद्ध झाले. म्हणजे हे ज्ञान आता तीन दशकांहून जुने आहे.

ॲझो रंगांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण बुरशीच्या बाजूचा माझा मुख्य युक्तिवाद तिथेच आहे. वापरातल्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक ॲझो जातीचे. दोन नायट्रोजन अणूंची जोडी त्यांना रंग देते. ही जोडी तोडली की रंग जातो. प्राणवायू नसलेल्या टाकीत जिवाणू ती सहज तोडतात आणि पाणी स्वच्छ दिसू लागते. पण जोडी तुटल्यावर उरतात ते ॲरोमॅटिक अमाइन. त्यांतली बेंझिडिनसारखी काही माणसाला मूत्राशयाचा कर्करोग देणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. याच भीतीने भारताने १९९० च्या दशकात असे ११२ रंग बंद केले. लाल पाणी पाहून बैल तोंड फिरवेल, निवळ दिसणारे पाणी तो पिईल. डोळ्याला रंग दिसत होता तोवर निदान धोका कळत होता. बुरशीची विकरे वेगळ्या वाटेने जातात. ती प्राणवायूच्या साहाय्याने रेणू मोडतात, आणि अनेक ॲझो रंगांच्या बाबतीत त्यामुळे ही अमाइन टळतात. टळतातच असे गृहीत मात्र धरायचे नाही. प्रत्येक रंगासाठी ते तपासावेच लागते.

म्हणूनच ‘इतके टक्के रंग गेला’ या एका आकड्यावर कोणी प्रकल्प विकायला आला तर त्याला दारातच थांबवावे. रंग जाण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत रेणू मोडतो. दुसरीत तो बुरशीच्या तंतूंना नुसता चिकटतो. दुसऱ्या वाटेने पाणी निवळते खरे, पण सगळा रंग गाळात जातो आणि तो रंगीत गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उभा राहतो. मेलेली बुरशीसुद्धा रंग शोषते, तेव्हा नुसते निवळणे हा बुरशी जिवंत असल्याचाही पुरावा नव्हे. बाजारात ‘कल्चर’च्या, म्हणजे वाढवलेल्या सूक्ष्मजीवांच्या, पुड्या आणि कॅन विकणारे पुष्कळ आहेत. नाल्यात ओता, नदी शुद्ध होईल, असे सांगणाऱ्यांवर एकाही नगरपालिकेने पैसा घालवू नये. वाहत्या नाल्यात बुरशीला ना थारा मिळतो, ना वेळ. तिथले जिवाणू तिच्या आधी सगळे अन्न संपवतात.

बुरशीच्या मर्यादा मला झाकायच्या नाहीत. तिला आम्लधर्मी पाणी लागते, रंगाईचे पाणी क्षारधर्मी. म्हणजे आधी ते आम्लाच्या बाजूला आणावे लागणार. तिला रंगाखेरीज अन्न लागते. उघड्या टाकीत जिवाणूंशी तिची स्पर्धा असते आणि ती पुष्कळदा हरते. लॅकेजला मिठातले क्लोराइड अडवते. आणि मीठ बुरशी मुळीच काढत नाही. ते वेगळ्या यंत्रणेनेच काढावे लागेल, तिथे खर्च टळणार नाही. बुरशी लावली की सगळे शुद्धीकरण झाले, असे कोणी म्हणत असेल तर तो शेतकऱ्याची फसवणूक करतो आहे.

पण या अडचणी सुटण्याजोग्या आहेत, आणि त्या न सुटण्याचे कारण विज्ञानाच्या बाहेर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कापडाच्या रंगांवर सूक्ष्मजीवांनी काय करता येते याचे संशोधन वर्षानुवर्षे झाले, त्याचे निबंध जगभर वाचले गेले. शेजारीच इचलकरंजी. आणि पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या आजही येतात. हा दोष संशोधकांचा नाही. प्रयोगशाळेत एक शुद्ध रंग घेतात, निर्जंतुक पाण्यात विरघळवतात, ग्लुकोज घालतात आणि फ्लास्क हलवत ठेवतात. पदवीसाठी तेवढे पुरते. प्रत्यक्ष पिपातल्या पाण्यात पाच रंग, खळ, साबण, सॉफ्टनर आणि मीठ एकत्र असते, आणि ते पाणी रोज बदलते. फ्लास्कपासून दहा हजार लिटरच्या टाकीपर्यंतचा रस्ता तयार करायला पैसा, जागा आणि चार-पाच वर्षांचा धीर लागतो. तो खर्च करणे ना विद्यापीठाच्या हातात असते, ना कारखानदाराच्या मनात. सरकारने तिथे उभे राहायचे असते.

खानदेशात तो रस्ता तयार करावा, असे मला वाटते त्याला ठोस कारणे आहेत. पहिले म्हणजे इथले ऊन. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम ४० अंशांच्या जवळपास उत्तम वाढते. बहुतेक बुरश्या ज्या तापमानाला मान टाकतात त्या तापमानाला ही जोमात असते. भुसावळ-जळगावचा एप्रिल तिला मानवेल. टाकी तापवायचा खर्च वाचतो. दुसरे म्हणजे तिचे अन्न. रावेर-यावलच्या पट्ट्यात घड कापला की केळीची खोडे बांधावर पडून कुजतात. केळीचे खोड आणि पाने यांवर धिंगरीच्या जाती वाढवून लॅकेज मिळवता येते, हे भारतातल्याच संशोधनाने दाखवले आहे. कपाशीच्या काड्या आपण शेतात जाळतो. त्या लिग्निनने भरलेल्या आहेत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या काड्यांवर मशरूम घेण्याचे आणि त्यांचे खत करण्याचे काम केलेले आहे. मशरूम काढून झाल्यावर उरणाऱ्या भुशातही विकरे शिल्लक असतात. बुरशीला चिकटून राहायला जाळीदार आधार लागतो. त्यासाठी जगभरच्या प्रयोगांत वाळलेल्या गिलक्याची जाळी वापरली गेली आहे, आणि गिलके आपल्या परसातले. म्हणजे कापूस पिकवणाऱ्याच्याच काड्या आणि केळीवाल्याचीच खोडे कापसाच्या रंगाचे पाणी धुवायला कामी येऊ शकतात, आणि त्यांचे त्याला पैसे मिळायला हवेत. जाळण्याऐवजी विकायला मिळाले तर काड्या कोण जाळेल?

माणसेही इथे आहेत. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून आहे आणि तिथे जीवशास्त्राचा विभाग आहे. जळगावलाच केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. ट्रायकोडर्मा तयार करून विकणाऱ्या प्रयोगशाळांमुळे बुरशी मोठ्या प्रमाणावर वाढवायची कला ग्रामीण भागात आधीच पोहोचली आहे. कमी आहे ती रंगाई मास्तर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांना एका टेबलावर बसवण्याची. रंगाई मास्तरने साध्या मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरले तर लॅकेजचा क्लोराइडचा अडथळा कमी होतो, पण सल्फेटचे आपले वेगळे त्रास आहेत. असा निर्णय दोघांनी मिळूनच घ्यायचा असतो. कापड उद्योगाला ही विकरे परकीही नाहीत. जीन्सचा निळा रंग फिका करायला लॅकेज १९९० च्या दशकापासून वापरतात. कापडावरचा रंग उतरवायला जे चालते ते पाण्यातला रंग मोडायला वापरणे परवडत नाही, हे मला पटत नाही.

खर्चाचा आक्षेप येणार हे मी जाणतो. सुरतेशी स्पर्धा करायची तर असली ओझी नकोत, असे उद्योजक म्हणतील, आणि रोजगाराची वाट पाहणाऱ्या तरुणांनाही ते खरे वाटेल. त्यांना तिरुप्पूरचे बंद दरवाजे दाखवावे लागतील. शिवाय खर्च कमी करण्याची युक्ती नळाच्या जोडणीत आहे. कारखान्याचे सगळे पाणी एकत्र करून मग ते शुद्ध करत बसणे ही सर्वांत महाग पद्धत. रंगाचे पीप आणि त्यानंतरची पहिली धुलाई एवढे पाणी वेगळ्या नळाने वेगळे ठेवले तर बहुतेक रंग आणि मीठ थोड्या पाण्यात राहते. बुरशीची टाकी त्या थोड्या पाण्यासाठी लागते, मीठ काढणारी यंत्रणाही त्यापुढेच आणि तेवढ्याच आकाराची. हा वेगळा नळ इमारत बांधताना स्वस्तात होतो, नंतर फरशी फोडून तो कोणी घालत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. २०२१ मध्ये करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसने आपल्या घराघरांत बुरशी या शब्दाची धास्ती बसवली. रंग मोडणारी बुरशी ती नव्हे, पण ॲस्परजिलसच्या काही जाती फुप्फुसाला त्रास देतात हे खरे आहे. तेव्हा कामगार दिवसभर जिच्या बीजाणूंत श्वास घेईल अशी बुरशी उघड्या टाकीत नको. पांढऱ्या बुरशीचे निवडक वाण, झाकलेल्या टाक्या, किंवा बुरशी दुसरीकडे वाढवून तिची नुसती विकरे कारखान्यात आणणे, हे मार्ग आहेत.

आता मागण्या. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली कारखाना उभारण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. नवापूर, नरडाणा, शिरपूर कुठेही रंगाईला संमती देताना पिपाच्या पाण्याचा वेगळा नळ आणि रंग मोडणारी स्वतंत्र टाकी या अटी त्यात लिहिल्या जाव्यात. २०१६ च्या मानकांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचे माप) आहे, क्षारांची आणि सोडियमची आहे. ॲरोमॅटिक अमाइनची नाही. खानदेशासाठी ती अट जोडावी. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक साधी चाचणी पूर्वीपासून आहे. सोडायच्या पाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जगले पाहिजेत. रंगाई कारखान्यात ही चाचणी दर महिन्याला, गावच्या दोन माणसांसमोर व्हावी. पाण्यात काय उरले हे सांगायला मेलेला मासा कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा लवकर उपयोगी पडतो.

आणि पहिला दहा हजार लिटरचा प्रायोगिक प्रकल्प विद्यापीठाच्या आवारात न करता चालू रंगाई युनिटच्या अंगणात व्हावा, रोजच्या खऱ्या पाण्यावर, किमान सलग दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे. त्याचे सगळे आकडे, फसलेल्या दिवसांचेसुद्धा, मराठीत जाहीर व्हावेत. पैसा वस्त्रोद्योग धोरणातल्या अनुदानातूनच काढता येईल. यंत्रसामग्रीला अनुदान देताना शुद्धीकरणाच्या टाकीला आधी आणि मागाला नंतर असा क्रम लावायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. त्यासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एकत्र मागणी करावी, आणि ती करण्याआधी त्यांच्याकडे हा विषय घेऊन जाणाऱ्यांत केळी आणि कापूस उत्पादक आधी असावेत, कारण नळ चुकीच्या दिशेने बसला तर ते पाणी त्यांच्याच विहिरीत उतरणार आहे.